तीन दिवसांची इमामत



५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या आणि ८ ऑगस्टला प्रा. मुहम्मद युनूस यांच्या अंतरिम सरकारचा शपथविधी झाला. मधले तीन दिवस त्या देशाला सरकार नव्हते. पोलीस ठाणी ओस पडली; चौकाचौकांत विद्यार्थी वाहतूक सांभाळू लागले. त्याच काळात अनेक ठिकाणी हिंदूंच्या घरांवर व मंदिरांवर हल्ले झाले, आणि त्याच काळात काही मंदिरांच्या दारांशी मदरशांचे विद्यार्थीही पहारा देत उभे राहिले. आपल्या गोंदिया जिल्ह्याला ही बातमी परकी नव्हती. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या हिंदू कुटुंबांच्या वसाहती आहेत. त्या घरांत ही बातमी कशी ऐकली गेली असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

असेच तीन दिवस मदीनेनेही पाहिले आहेत. हिजरी २३ मध्ये फज्रच्या नमाजमध्ये हजरत उमर (रजि.) यांच्यावर खंजिराचे वार झाले. मृत्युशय्येवरून त्यांनी सहा सहाबांची शूरा नेमली आणि तीन दिवसांत खलीफा निवडण्यास सांगितले. आपल्या पुत्राला, अब्दुल्लाह (रजि.) यांना, त्यांनी सल्ल्यापुरते बोलावले, खिलाफतीत मात्र त्यांचा वाटा ठेवला नाही. मग त्या तीन दिवसांत मस्जिदे नबवीत नमाज कोणी पढवावी? सहांपैकी कोणीही पुढे उभा राहिला असता, तर लोकांनी त्यालाच भावी खलीफा मानले असते. हजरत उमर (रजि.) यांनी हे काम सुहैब रूमी (रजि.) यांच्यावर सोपविले. ते कधीकाळी गुलाम होते आणि खिलाफतीचे दावेदार नव्हते. सफा सरळ ठेवणे, जमात मोडू न देणे, एवढीच त्यांची अमानत.

शूरेतही असेच घडले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आधी स्वतःचा दावा सोडला आणि मगच निवडीची जबाबदारी घेतली. ते मदीनेत लोकांची मते विचारीत फिरले. स्त्रियांनाही त्यांनी विचारले, असे काही रिवायतींत येते. हजरत उस्मान (रजि.) यांच्या हाती बैअत झाली, तेव्हा इमामतही त्यांच्याकडे गेली. सुहैब (रजि.) यांनी एक दिवसही जास्त मागितला नाही.

अंतरिम सत्तेची कसोटी हीच. जो निवडणूक घेणार, त्याचा स्वतःचा डाव नसावा. आणि त्याच्या ताब्यात असेपर्यंत सर्वांत दुर्बल माणसाच्या दाराला धक्का लागू नये. मक्का विजयाच्या दिवशी, हिजरी ८ मध्ये, काबागृहाची किल्ली प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हाती आली होती. ती त्यांनी पूर्वीच्याच किल्लीधारकाला, उस्मान बिन तलहा यांना, परत केली. अमानती ज्यांच्या त्यांना पोचविण्याची सूरह निसामधील आज्ञा भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. एखाद्या समाजाचा राग आला तरी न्याय सोडू नये, ही सूरह माइदाची शिकवणही आपल्याला माहीत आहे. हल्ला करणाऱ्यांच्या नावांत आपल्यासारखी नावे असली, म्हणून तिचा अर्थ बदलत नाही.

आता थोडे आपल्या घराकडे. आपली जिल्हा परिषद २०२० पासून २०२२ पर्यंत प्रशासकाच्या हाती होती. प्रशासक पगार काढतो, रस्ताही करतो. पण गावाने त्याला निवडलेले नसते, म्हणून गाव त्याला जाब विचारू शकत नाही. खरे सांगायचे तर अशा काळात आपण अधिकाऱ्याच्या दाराशी दाखल्यासाठी जातो आणि मतदार यादी उघडून पाहत नाही. अनेक उलमांनी मताला शहादत म्हटले आहे. शहादत लपविणे किती मोठा गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला हवे का? घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलींची नावे यादीत आहेत की नाहीत, हे आजच पाहा.

आणि अर्जुनी मोरगावच्या त्या वसाहतींत आपल्यापैकी कोणी व्यापारासाठी, कोणी नोकरीसाठी जात असेल. पुढच्या खेपेस जाल, तेव्हा व्यवहार थोडा बाजूला ठेवून तिकडे राहिलेल्या नातलगांची खुशाली विचारा.