समोरच्याला हवा असलेला फोटो

वेल्ह्याहून केळदच्या वाटेला लागलं की पासली येतं. जुलैत इकडे भाताची लावणी जोरात असते. खाचरं तुडुंब भरलेली, एकीकडे चिखलणी चाललेली, दुसरीकडे इरली पांघरून वाकलेल्या बायांची रांग. ढग इतके खाली आलेले असतात की सावली कुठे पडतच नाही. कॅमेरावाल्यासाठी असा मऊ, सगळीकडे सारखा उजेड म्हणजे पर्वणीच. शनिवार-रविवारी मढे घाटाकडे निघालेल्या गाड्या इथे हमखास थांबतात. काच खाली होते, लांब लेन्स बाहेर येते, भराभर फोटो निघतात आणि गाडी खिंडीकडे निघून जाते. वाकलेल्या बाईला आपला फोटो निघाला हे कळलेलंही नसतं. संध्याकाळपर्यंत तो शेकडो लोकांनी पाहिलेला असतो आणि त्याखाली तिच्या कष्टांबद्दल दोन ओळी लिहिलेल्या असतात.

मलाही ही हौस आहे आणि ती चांगली हौस आहे असं मी मनापासून मानतो. ती थांबायला शिकवते, एकाच ठिकाणी पुन्हा जायला लावते. कॅमेरा हातात नसता तर लावणी म्हणजे काय हे मी कधी नीट पाहिलं नसतं. डाव्या हातात तरव्याची मूठ, उजव्या हाताचा अंगठा त्यातली तीन-चार रोपं सुटी करतो आणि त्याच झटक्यात बोटं ती चिखलात रोवतात. नजर पुढच्या जागेवर गेलेली असते. दिवसभर पाण्यात राहून बोटांची कातडी पांढरी पडते, सुरकुतते. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, त्या रात्री चुरचुरतात. इतकं जवळून पाहायला लावणारा छंद कुणाला लागला असेल तर त्याने तो जरूर वाढवावा, नोकरी-धंद्यातून वेळ काढून वाढवावा.

अशाच एका बांधावर मी एका बाईंना विचारलं, “तुमच्या हातांचा फोटो काढू का?” त्या कंबर सरळ करत म्हणाल्या, “हाताचा फोटू घेऊन काय करायचा, दादा? काढायचाच तर घरी या. चांगलं लुगडं नेसते, मालकांना बोलावते, मग काढा.”

मी गेलो. दोघं दारात उभी राहिली. हात अंगालगत, नजर थेट कॅमेऱ्यात, चेहऱ्यावर हसू नाही. हौशी मंडळींच्या भाषेत हा ‘ताठरलेला’ फोटो. स्पर्धेला पाठवण्यासारखा नव्हे. घरात भिंतीवर त्यांच्या सासऱ्यांची तसबीर होती, हार घातलेली. जवळ जाऊन पाहिलं तर चेहरा फुटलेला, कडा धूसर झालेल्या. ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून घेतला होता. माणूस गेल्यावर शोधाशोध झाली तेव्हा तेवढाच सापडला होता. लग्नातले फोटो पावसाळ्याच्या दमटपणात एकमेकांना चिकटून गेले होते.

खेड्यापाड्यांत अशा तसबिरी जागोजागी दिसतात. मोबाइल आता घरोघरी आहेत, फोटोही निघतात, पण ते मोबाइलबरोबरच जातात. कागदावर छापलेला, नीट उजेडात काढलेला, घरातली सगळी माणसं एकत्र असलेला फोटो आजही अनेक घरांत नाही. आणि त्याच घरांच्या शेतांचे, हातांचे, इरल्यांचे फोटो शहरातल्या प्रदर्शनांत सुंदर चौकटींत लागतात. मला ही विषमता खुपते. आम्हाला त्यांच्याकडून जे हवं ते आम्ही घेतो. त्यांना आमच्या कॅमेऱ्याकडून काय हवं आहे, हे विचारायचं आमच्या मनातही येत नाही.

अमेरिकेत मंदीच्या काळात, 1936 च्या मार्चमध्ये, डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. कपाळावर चिंतेच्या रेषा, गालाशी बोटं, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. ‘मायग्रंट मदर’ या नावाने तो जगभर गेला. लँग सरकारी नोकरीत होत्या, त्यामुळे फोटोचे हक्क सरकारचे होते. स्वतः त्यांनाही त्यातून मानधन मिळालं नाही. हेतूही चांगला होता, भुकेल्या मजुरांकडे देशाचं लक्ष जावं एवढाच. पण त्यांनी त्या बाईचं नाव विचारलं नाही. ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, कोण आणि कुठे आहे हे लोकांना कळलं ते 1978 मध्ये. या फोटोचा आपल्याला एका पैचाही फायदा झाला नाही, ही खंत तिने तेव्हा बोलून दाखवली. 1983 मध्ये ती आजारी पडली तेव्हा कुटुंबाने मदतीचं आवाहन केलं आणि अनोळखी लोकांनी 35 हजार डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. म्हणजे फोटोने माणसं हलली होती, यात शंका नाही. फक्त फोटोतल्या बाईपर्यंत ते पोचायला 47 वर्षं लागली. तेव्हा ती मरणशय्येवर होती.

याच्या दुसऱ्या टोकाला मला आपले सुधारक ओलवे दिसतात. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला माणूस त्यांनी दाखवला आणि त्या माणसाचं घर, त्याची बायकामुलंही दाखवली. एका फेरीत उरकण्यासारखं ते काम नव्हतं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही चिकाटी. माणूस पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा समोरचा हळूहळू त्याला ओळखू लागतो, नाही म्हणू शकतो, आज नको उद्या ये म्हणू शकतो. परवानगीचा खरा अर्थ तिथे सुरू होतो. तोंडावर कॅमेरा धरून “काढू का?” म्हटलं की पाहुण्याला नकार द्यायचा संकोच वाटूनच बहुतेक माणसं मान हलवतात.

ज्यांना मानही हलवता येत नाही त्यांच्याबाबतीत तर जबाबदारी पूर्ण आपलीच. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीतली झाडं काजव्यांनी उजळतात. झाडभर ठिपकेच ठिपके असलेले जे फोटो आपण पाहतो, ते बहुतेकदा अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेले असतात. तसा फोटो मिळवायला अंधारात, एका जागी, बराच वेळ बसावं लागतं. काजव्यांची ती उघडझाप जोडीदारासाठी असते. बॅटरी किंवा गाडीचे दिवे मारले की त्यांचं बोलणंच तुटतं. ज्याला थांबवत नाही त्याने तो फोटो काढूच नये.

पासलीकडे जाणाऱ्यांना मात्र मला काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गाडीतून उतरा. बांधावर उभं राहून आधी बोला. पावसाने उघडीप दिली असताना लावणीत दोन तास फुकट घालवणं कुणालाच परवडत नाही, तेव्हा हाताला काम असेल तिथे आडवे जाऊ नका. तुमच्या मनातला फोटो काढण्याआधी त्यांच्या मनातला काढा, आणि तो त्यांना हवा तसाच काढा. ताठ उभं राहायचं असेल तर राहू द्या. लेकरांना पावडर लावायची असेल तर तेवढं थांबा. आपल्याला कृत्रिम वाटणारा तो आविर्भाव म्हणजे जगासमोर आपण कसं दिसावं याबद्दलचं त्यांचं स्वतःचं मत आहे, आणि ते आपल्या सौंदर्यदृष्टीइतकंच खरं आहे.

मग फोटो छापून द्या. पोस्टकार्डाएवढी प्रत छापायला चहा-नाश्त्याइतकेही पैसे पडत नाहीत. इथल्या पावसात कागद टिकत नाही, म्हणून लॅमिनेट करून न्या. मोबाइलवर पाठवतो म्हणून नंबर घेणारे पुष्कळ असतात आणि पाठवणारे थोडे. प्रती पोचवायला पुन्हा जायचं तर लावणीच्या गडबडीत जाऊ नये. कापणी-झोडणी आटोपत आली, दिवाळी आली की पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरंसोरं घरी येतात, सुना माहेरी जाऊन परतलेल्या असतात, म्हातारी माणसं ओटीवर निवांत बसलेली असतात. सगळ्या घराचा एकत्र फोटो जमतो तो त्याच दिवसांत.