दुसऱ्याच्या मताची साक्ष

धर्मसिद्धांतांविषयींचीं भिन्न भिन्न मतें एकाच पुस्तकांत शेजारीं शेजारीं मांडणारे ग्रंथ आपल्या उपदेशकबंधूंनीं वाचावे किंवा नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो. परंतु विचाराअंतीं तो केवळ वाचनाचा नसून खरेपणाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

ज्यांस असे ग्रंथ ठाऊक नसतील त्यांच्यासाठीं एक उदाहरण देतों. ‘बॅप्टिझम : थ्री व्ह्यूज’ ह्या नांवाचें इंग्रजी पुस्तक डेव्हिड राइट ह्यांच्या संपादनाखालीं २००९ सालीं निघालें. त्यांत सिंक्लेअर फर्ग्युसन ह्यांनीं बालकांच्या बाप्तिस्म्याचा पक्ष मांडिला आहे. जो स्वतः विश्वास पत्करील त्यासच बाप्तिस्मा द्यावा, हा पक्ष ब्रूस वेअर ह्यांनीं घेतला आहे. आणि दोन्ही रीती मंडळींत नांदूं द्याव्या, असें अँथनी लेन ह्यांचें म्हणणें आहे. एकानें आपलें मत मांडावें व बाकीच्या दोघांनीं त्यास उत्तर द्यावें, अशी योजना आहे.

ह्या वादांतील मुख्य आधार आपल्या वाचकांस अपरिचित नाहींत. एक पक्ष म्हणतो कीं, अब्राहामाशीं केलेल्या कराराची खूण आठ दिवसांच्या बालकासही दिली जात असे, आणि फिलिप्पै नगरांत लुदियेचा बाप्तिस्मा तिच्या घराण्यासह झाला. दुसरा पक्ष म्हणतो कीं, पन्नासाव्या दिवसाच्या सणीं ज्यांनीं वचन स्वीकारिलें त्यांचाच बाप्तिस्मा झाला, आणि विश्वास हा आईबापांस लेकराच्या वतीनें ठेवितां येत नाहीं. दोन्ही पक्षांच्या हातीं शास्त्र एकच आहे.

पुष्कळ वडीलधारे म्हणतात, “साध्या भाविकापुढें तीन वाटा दाखविल्या, तर तो तिठ्यावरच उभा राहील.” ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याला दुसरी वाट आहे हेंच ठाऊक नाहीं, त्याला एखाद्या आठवड्याच्या बाजारांत कोणी परका उपदेशक गांठून चार वचनें ऐकवितो, आणि आजवर आपणांस फसविलें असें त्या बिचाऱ्यास वाटूं लागतें. जें त्याला आपल्याच पाळकाच्या तोंडून शांतपणें कळावयाचें, तें परक्याच्या तोंडून आवेशानें कळतें. अज्ञानाचा बांध पहिल्या पुरापर्यंतच टिकतो. बिरुया येथील लोकांनीं प्रत्यक्ष पौलाचें बोलणेंही शास्त्राशीं ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांची निंदा न होतां प्रशंसाच झाली.

दुसऱ्याचें म्हणणें ऐकूनच घ्यावयाचें नाहीं, ह्याचा शेवट कोठें होतो तेंही पाहावें. १५२५ च्या जानेवारींत झुरिक नगरांत कांहीं लोकांनीं, बालपणीं बाप्तिस्मा झाला असतांही, प्रौढपणीं तो पुन्हा घेतला. नगरसभेनें हा अपराध ठरविला, आणि ५ जानेवारी १५२७ रोजीं त्यांच्यापैकीं फेलिक्स मांझ ह्यास लिम्मत नदींत बुडवून मारिलें. हें कृत्य ख्रिस्ताच्या शत्रूंनीं केलें नाहीं. नुकत्याच धर्मसुधारणा स्वीकारलेल्या, शास्त्र वाचणाऱ्या नगरानें केलें.

पुढें १५२९ सालीं मार्बुर्ग येथें ल्यूथर व झ्विंग्ली समोरासमोर बसले. त्यांनीं १५ कलमें लिहून काढिलीं आणि त्यांतील १४ कलमांवर त्यांचें एकमत झालें. प्रभुभोजनाच्या पंधराव्या कलमांतही पुष्कळ भाग उभयतांस मान्य होता. ख्रिस्ताचें शरीर व रक्त भाकरींत व द्राक्षारसांत प्रत्यक्ष असतें कीं नाहीं, येवढ्यावर अडलें. ते एक झाले नाहींत. यास्तव परस्परांचें मत नीट समजलें म्हणजे एकी होतेच, असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि आपण नेमके कोठें वेगळे आहों व कोठें नाहीं, हें तरी त्या कलमांनीं जगास दाखवून दिलें.

आतां आमचा मुख्य मुद्दा. असे ग्रंथ बहुतेक इंग्रजींत असतात. खेड्यांतील मंडळींत ते वाचूं शकणारा बहुधा एकच मनुष्य असतो, आणि तो म्हणजे उपदेशक. इतरांस दुसऱ्या पंथाचें मत कळावयाचें तें त्याच्या मुखानेंच. म्हणजे तो केवळ वाचक नाहीं. जो तेथें हजर नाहीं, ज्यास उत्तर देतां येत नाहीं, अशा मनुष्याविषयीं तो साक्ष देत असतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा काय केवळ कचेरीपुरतीच आहे? “ते लोक पाण्यानेंच तारण होतें असें मानितात,” किंवा “ते लोक लेकरांस देवाच्या राज्याबाहेर ठेवितात,” असें आपण व्यासपीठावरून सहज बोलून जातों. पण त्या मंडळींतील समंजस मनुष्य तें ऐकून “होय, आमचें म्हणणें असेंच आहे,” असें म्हणेल काय? न म्हणेल, तर आपण मापांत पाप केलें. दाणे तोलतांना खोटें वजन ठेवणाऱ्या वाण्यास आपण दोष देतों. दुसऱ्याचा विश्वास तोलतांना तरी आपलें वजन खरें असूं द्या.

ह्यावर कोणी विचारील, “मग काय सर्व मतें सारखींच?” मुळींच नाहीं. तोलावयाचें तें घ्यावें कीं टाकावें हें ठरविण्यासाठीं. जन्मभर तराजू हातीं धरून बसण्यासाठीं नव्हे. ज्याच्या घरीं लेकरूं जन्मलें त्या बापास मध्येंच उभें राहतां येत नाहीं. तो लेकरास बाप्तिस्म्यास आणील किंवा आणणार नाहीं. तेव्हां वाचन निर्णयापर्यंत पोंचलें पाहिजे. मात्र निर्णय करणें निराळें आणि ज्याचा निर्णय निराळा त्यास मंडळीबाहेरचा समजणें निराळें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हां एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत बालकांस बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या होत्या, तशाच बॅप्टिस्टही होत्या. आणि त्या ऐक्यांत दोन्ही रीतींस जागा ठेवण्यांत आली. ज्या वादापायीं एका नगरानें मनुष्य बुडविला, त्याच वादाचे दोन्ही पक्ष येथें एका भोजनास बसले.

म्हणून आमच्या उपदेशकबंधूंस आमची विनंती आहे. असें पुस्तक हातीं आलें, तर जो पक्ष आपला नाहीं तो आधीं वाचा. त्यांतील प्रत्येक शास्त्राधार उघडून पाहा. नंतर तें मत आपल्या शब्दांत मांडा, आणि त्या मताचा कोणी बंधु जवळच्या गांवीं असेल, तर “तुमचें म्हणणें हेंच ना?” असें त्यास विचारा. तो होय म्हणाला, म्हणजे मगच त्याचें खंडन करण्याचा अधिकार आपणांस आला असें समजा. आपला निर्णय मंडळीपुढें निर्भयपणें सांगा. पण ज्याच्याशीं आपलें पटलें नाहीं, तो दारांत उभा राहून ऐकत आहे असें मानून सांगा.