घास भरवणाऱ्याचा धर्म

पार्किन्सनच्या आजारात हातांची थरथर चारचौघांना दिसते. गळ्यातला बिघाड मात्र जेवायला बसल्यावर कळतो. जेम्स पार्किन्सन यांच्या 1817 मधील निबंधातही गिळण्याचा त्रास आणि गळणारी लाळ यांची नोंद आहे. लाळ जास्त सुटते असे नाही. ती वेळच्या वेळी गिळली जात नाही, म्हणून ओघळते. जिभेने घास मागे ढकलणे, त्याच क्षणी श्वास थांबून श्वासनलिकेचे तोंड मिटणे, हा ताल निरोगी माणसात नकळत साधतो. या आजारात तो चुकतो, आणि पाणी, चहा, ताक असे पातळ पदार्थच बहुधा आधी वाट चुकतात.

ठसका लागला की कुणीतरी आठवण काढली, असे म्हणण्याची रीत आहे. रुग्णाचा जोडीदार मात्र प्रत्येक ठसक्याला दचकतो. खरे तर ठसका हा राखणदार. काहींमध्ये ही प्रतिक्रियाच मंदावते आणि अन्न आवाज न करता श्वासमार्गात उतरते. त्यातून होणारा न्यूमोनिया हे या आजारातील मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून ठसके थांबले एवढ्यावरून हायसे वाटून घेता येत नाही. जेवणानंतर घरघरणारा ओला आवाज आणि वरचेवर येणारा ताप यांकडेही पाहावे लागते.

इथून प्रश्न वैद्यकाबाहेर जातो. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत ब्रह्माचा शोध अन्नापासून सुरू होतो. सप्तपदीतले पहिले पाऊल अन्नासाठी असते, आणि मराठी लग्नाच्या पंगतीत नवराबायको एकमेकांना घास भरवतात. तोच घास पुढे जिवावर बेतू शकत असेल, तर भरवणे हा धर्म की हात आवरणे?

आचारातल्या काही गोष्टी अशा घरात थेट अडचणीच्या ठरतात. तीर्थ ओंजळीतून घेताना मान मागे टाकली जाते: पातळ द्रव आणि वर केलेली हनुवटी, म्हणजे नेमके जे टाळायचे ते. प्राणाहुतीचे घास दात न लावता गिळायचे असतात. सुंठवडा कोरडा, साबुदाण्याची खिचडी चिकट, वर दाण्याचे कूट. याउलट जेवताना मौन पाळण्याचा जुना नियम स्पीच थेरपिस्टच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळतो. श्राद्धात पिंडशेष खात नाहीत, हुंगतात. गंधाने ग्रहण करणे परंपरेला अमान्य नाही. पण पार्किन्सनमध्ये घ्राणशक्ती अनेकदा थरथरीच्याही आधी गेलेली असते, त्यामुळे ही सोयही पुष्कळांच्या कामी येत नाही. तीर्थाचे बोट ओठांना लावणे एवढे मात्र सहज जमते.

अन्नत्यागावर परंपरेने पुष्कळ विचार केला आहे. जैनांची सल्लेखना आहे. महाराष्ट्रात सावरकरांनी 1966 मध्ये आणि विनोबांनी 1982 मध्ये पवनार येथे प्रायोपवेशन केले. पण तिथे खाऊ शकणारा माणूस अन्न सोडतो. इथे अन्न हवे असलेल्या माणसाला शरीर अडवते, आणि आजार नसलेल्या दुसऱ्या माणसाच्या हातात घास असतो. वैराग्याची भाषा रुग्णावर लादणे अन्यायाचे आहे. ‘आता जिभेचे चोचले कशाला’ हे वाक्य अशा घरात सर्रास ऐकू येते. ते काळजीपोटी आले तरी त्यात हुकूमच असतो.

आतिथ्यधर्मात देणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही मान आहे. तो मान इथे अगदी साध्या गोष्टींत दिसतो: पार्किन्सनच्या गोळीचा अंमल असताना जेवायला बसवणे, पाठ ताठ ठेवणे, छोटा घास, आधीचा उतरेपर्यंत दुसरा न देणे. हनुवटी किती खाली घ्यायची, पाणी किती दाट करायचे, हे तपासणीनंतर ठरते. दाट पाणी अनेकांना नकोसे होते. धोका समजून घेऊन रुग्णाने दोन घोट साधा चहा मागितला, तर तो देणाऱ्या जोडीदाराला पापी ठरवता येत नाही. न सांगता ताट उचलून नेणे हे अधिक कठोर आहे.

पुढे नळीने अन्न देण्याचा प्रश्न येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. पार्किन्सनमध्ये आवाज खोल जातो, काहींची स्मृतीही ढळते. म्हणून नळी हवी की नको, हे रुग्णाला स्पष्ट बोलता येत असतानाच विचारून ठेवावे लागते.