न बोललेली जात

“आम्ही जातपात मानत नाही,” असं म्हणणारी माणसं बहुधा मनापासूनच तसं म्हणतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. कारण भेदभाव करायला मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक होता तो उमेदवारांच्या नावांचा. दलित आडनावांना उच्चवर्णीयांपेक्षा कमी प्रतिसाद आला, मुस्लिम नावांना तर त्याहूनही कमी. अमेरिकेत शिकागो आणि बोस्टनमधल्या अशाच प्रयोगात गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्या अर्जांना कृष्णवर्णीय नावांपेक्षा सुमारे 50 टक्के अधिक प्रतिसाद मिळाला होता.

“विषय काढला की जातीयता वाढते,” हा आक्षेप खोटेपणानं घेतला जातो असं मला वाटत नाही. बोलण्यातून कटुता येते, हे खरंच आहे. पण त्या अर्जांत जातीबद्दल एक शब्दही नव्हता, कुणी वाद घातला नव्हता, तरीही माणसं वगळली गेली. मौनानं ती वाचली नाहीत. म्हणून कुणी आपला अनुभव सांगू लागलं, तर “तसं नसेल हो” म्हणण्याआधी त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या.