कौर सिंग कुठे गेले होते?

२०१७ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातील खनाल खुर्द गावच्या एका वयस्कर शेतकऱ्याने हृदयविकारावरील उपचारांसाठी सावकाराकडून दोन लाख रुपये कर्ज घेतले होते. अशा बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो. ही मात्र उलटता आली नाही, कारण त्या शेतकऱ्याच्या नावामागे पद्मश्री होती.

कौर सिंग हे नाव तुम्ही विशीतले असाल तर माझ्याप्रमाणेच तुम्हीही ऐकलेले नसेल. घरातल्या मोठ्यांना विचारून पाहा. सैन्यात गेल्यावर त्यांनी मुष्टियुद्ध हाती घेतले आणि हेवीवेट गटात ते राष्ट्रीय विजेते झाले. १९८० मध्ये मुंबईत झालेल्या आशियाई बॉक्सिंग स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी जानेवारीत मुहम्मद अली भारतात आले होते. दिल्लीच्या प्रदर्शनीय लढतीत त्यांच्यासमोर चार फेऱ्या उभा राहिलेला भारतीय म्हणजे हे कौर सिंग. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत सुवर्णपदक, अर्जुन पुरस्कार, १९८३ मध्ये पद्मश्री, १९८४ चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक आणि मग निवृत्ती. त्यानंतर गाव आणि शेती.

इथे आपण सहज लिहून जातो, ‘मग ते विस्मृतीत गेले.’ अनुवादाची सेवा करताना शब्दांपाशी अडखळायची सवय लागते, म्हणून मी या वाक्यापाशी थांबलो. वाक्याचा कर्ता कोण? कौर सिंग. जणू तेच उठून कुठेतरी निघून गेले! प्रत्यक्षात ते आपल्या गावी, आपल्या शेतात होते. विसरण्याची क्रिया आपली, आणि व्याकरणात ती आपण त्यांच्या नावावर टाकतो. ‘पडद्याआड गेले’ म्हणावे तर मराठीत माणूस जिवंतपणीच वारल्यासारखा वाटतो.

खरे सांगतो, ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाईट वाटले, पण ते वाईट वाटणे लवकरच शमले. मनाने लगेच एक समाधान शोधून दिले: जो खरा कर्मयोगी असतो तो फळाची आशा धरत नाही, त्याला टाळ्यांचे काय आणि पैशांचे काय? किती सात्त्विक विचार! आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो आला असेल, कारण हीच भाषा आपण रोज ऐकतो, वाचतो.

पण मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे आणि जमाखर्चाने मला तिथेच पकडले. उधारीच्या व्यवहारात दोन माणसे असतात: धनको, म्हणजे ज्याचे येणे आहे तो, आणि ऋणको, म्हणजे ज्याने द्यायचे आहे तो. धनको आपल्या वहीत येणे ‘बुडीत’ म्हणून लिहू शकतो, किंवा मोठ्या मनाने सोडून देऊ शकतो. तो त्याचा अधिकार. ऋणकोला मात्र आपल्या वहीत आपणच ‘माफ’ असे लिहिता येत नाही. तसे लिहिले तर लेखापरीक्षक त्याला औदार्य म्हणणार नाही, दुसरा शब्द वापरेल.

फळाची आशा सोडणे हे धनकोच्या वहीतले कलम आहे. कौर सिंग यांनी ते सोडले असेल तर ती त्यांची साधना. त्यांच्या वतीने ते मी सोडणे, ही साधना कशी होईल? वैराग्य स्वतःसाठी असते. दुसऱ्याला ते लागू करणे किती सोपे आणि किती स्वस्त आहे, हे माझ्या आधी लक्षातच आले नव्हते.

तुम्ही म्हणाल, देशात हजारो खेळाडू होऊन गेले. प्रत्येकाला आयुष्यभर डोक्यावर घेऊन कोण नाचणार? बरोबर आहे. टाळ्या ओसरणारच. नवे विजेते येतात, जुने चेहरे पुसट होतात आणि त्यात अन्याय नाही. टाळी हे कर्ज नव्हे, ती त्या क्षणीच फिटते. पण दिलेला शब्द तसा फिटत नाही. त्या वेळच्या बातम्यांत असेही आले होते की १९८२ च्या सुवर्णपदकानंतर जाहीर झालेले एक लाखाचे बक्षीस त्यांना पस्तीस वर्षे मिळालेच नव्हते. चेहरा विसरणे हा स्मरणशक्तीचा स्वभाव आहे. शब्द विसरणे ही निवड असते, निदान पस्तीस वर्षांनंतर तरी.

बातमी छापून आल्यावर पैसे आले. सैन्याने तीन लाख दिले, केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने पाच लाख, राज्य सरकारही पुढे आले. हे चांगलेच झाले, त्यात खोट काढायची नाही. फक्त एक शब्द मला टोचतो. बातम्यांत सगळीकडे ‘मदत’ असे लिहिले होते. त्यातला काही भाग तरी ‘देणे’ होता. मदत देणारा थोडा वर उभा असतो, देणे फेडणारा नसतो.

२७ एप्रिल २०२३ रोजी कुरुक्षेत्रातल्या रुग्णालयात कौर सिंग यांचे निधन झाले. त्याच सुमारास पंजाबच्या शाळांतील शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत त्यांच्यावर पाठ घेण्याचे ठरले होते.

हे सगळे लिहिताना मला माझीच वही आठवली. बारावीत हिशेब शिकवणाऱ्या सरांची शेवटच्या दोन महिन्यांची शिकवणीची फी मी ‘निकालानंतर देतो’ म्हणून राहू दिली होती. घरी तेव्हा ओढाताण होती. सर ‘बरं’ म्हणाले आणि त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. निकाल चांगला लागला, मी पेढे दिले, पाया पडलो. फी दिली नाही. गेली चार वर्षे मी मित्रांना सांगत आलो आहे की आमचे सर फार निःस्पृह होते, कधी पैसे मागितले नाहीत. सांगताना माझा गळाही दाटून येतो!

सरांनी घर बदलले आहे असे कळले. जुन्या शेजाऱ्यांकडून नवा पत्ता मिळवला आहे. येत्या रविवारी सकाळी जाणार आहे, पाकिटात पैसे मोजून ठेवले आहेत.