अभंग गायला, पण ऐकला का?

माउली, चोखोबांचा उसाचा अभंग आपण किती गोड गातो! बाहेरचे रूप पाहून आतल्या भावाची पारख करू नका, एवढेच त्यांचे मागणे. पण ते उभे राहिले महाद्वाराबाहेर. समाधीही तिथेच, नामदेव पायरीजवळ. अभंग वारकऱ्यांच्या ओठी होता, आणि चोखोबांच्या माणसांना १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसेपर्यंत राऊळाचे दार बंदच होते. मग सहाशे वर्षे गाणाऱ्यांनी ऐकले काय? चालीच्या गोडीत शब्दांची बोच हरवते. दोष अभंगाचा नव्हे, आपल्या कानांचा. टाळ खाली ठेवल्यावर पंगतीत शेजारी कोण बसला, हे आपले मन आजही विचारत असेल, तर तो अभंग आपण अजून म्हटलेलाच नाही. राम कृष्ण हरी.