नकाराची ऐपत

आमच्या नांदेड-लातूरकडे माणसाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं समजतात. मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे-चहा उरकून, दारात पायात चपला सरकवताना ‘कळवतो’ म्हणाले, की घरातल्या बायका ओळखतात. पसंती असती तर बैठकीतच सुपारी फोडायची तारीख निघाली असती. हातउसने मागणाऱ्याला ‘बघू की’, आमंत्रण द्यायला आलेल्याला ‘येतो की’. यात फसवाफसवी नाही. खरं काय ते दोघांनाही ठाऊक असतं, आणि उद्या त्याच पारावर एकमेकांची तोंडं बघायची असतात.

हे बरोबरीच्या माणसांत शोभतं. एक वर आणि एक खाली असला की मात्र गोष्ट बदलते. सालगडी मालकाला ‘नाही’ म्हणत नाही. ‘बरं मालक’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. त्याला दोष देणारे आपण कोण? तोंडावर नाही म्हणायलाही ऐपत लागते.

मतदानातलंच बघा. पूर्वी कुणालाच मत द्यायचं नसेल, तर 49-ओ या नियमाखाली तसं केंद्रावरच्या अधिकाऱ्याला सांगावं लागे. नोंदवहीत शेरा पडे, सही-अंगठा घेतला जाई. समोर पक्षांचे पोलिंग एजंट, म्हणजे गावचेच लोक. संध्याकाळपर्यंत गावभर व्हायला कितीसा वेळ? 27 सप्टेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवलं: मत गुप्त, तसा नकारही गुप्त हवा. तेव्हापासून यंत्रावर ‘नोटा’ आला.

आणि 2019च्या विधानसभेला लातूर ग्रामीणने तो असा दाबला की राज्यभर चर्चा झाली. काँग्रेसचे धीरज देशमुख 1,35,006 मतांनी पहिले आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा, 27,500. युतीत जागा शिवसेनेकडे गेलेली. तिचा उमेदवार तिसरा. त्याच निवडणुकीत सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावातही नोटा दुसरा होता. लातूरच्या त्या आकड्यात जागावाटपावरची कार्यकर्त्यांची नाराजी बरीच होती असं तेव्हा बोललं गेलं, आणि ते मला पटतं. साडेसत्तावीस हजार माणसं एकाच दिवशी आपापली एकाच निर्णयाला येत नसतात. पण त्यातल्या एखाद्या मजुराने स्वतःच्या मनानेही ते बटण दाबलं असेल, तर कुणाच्या डोळ्याला डोळा न देता ठाम ‘नाही’ म्हणायची त्याला मिळालेली ती दुर्मिळ संधी. अर्थात त्याने निकाल हलत नाही. विधानसभेला नोटाची मतं मोजतात, निवडून येतो तो उमेदवारच.

उघड नकाराची किंमत आमच्या भागाने पाहिलेली आहे. 1938 साली निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली. मुलांनी ती मानली नाही, आणि त्यांची नावं काढून टाकली गेली. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच लोण पोचलं. पुढे नागपूर विद्यापीठाने यातल्या अनेकांना सामावून घेतलं म्हणून त्यांचं शिक्षण तरी झालं. पाठीशी असं दुसरं दार उघडं असल्यावर नकार झेपतो. हे आपण त्यांचं कौतुक करताना विसरतो.

मला खरा राग येतो तो ज्यांना नकाराची काहीच झळ नाही अशांनी ‘कळवतो’ची भाषा उचलली त्याचा. पेरणीच्या तोंडावर पीककर्जाला गेलेल्या म्हाताऱ्याला खिडकीतून ऐकू येतं, “आबा, साहेब मीटिंगला हायेत, सोमवारी या.” सोमवारी तेच. कर्ज देणार नाही, असं कुणीच म्हणत नाही. सातबारा, आठ-अ, बेबाकीचा दाखला घातलेली प्लास्टिकची पिशवी काखेत घेऊन आबा एसटीने परत येतो, आणि तोवर सावकाराकडे जायला उशीर झालेला असतो.

कायद्याला ही खोड माहीत आहे. माहिती अधिकारात 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर तो नकारच धरतात. नकार दिलाच तर कारण आणि अपील कुठे करायचं, दोन्ही लिहून द्यावं लागतं. राज्याच्या 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यातही अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी नोंदवायचं असं आहे. तेव्हा खिडकीपलीकडच्या साहेबांना एवढंच सांगणं: देणार नसाल तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा, आणि कारणासकट कागदावर द्या.